सवतीची ओटी

घाटंजीच्या आमच्या गॅरेज लाइनीत गाडीचा नंबर फक्त पोलिसांसाठी असायचा. बाकी सगळ्यांसाठी तिला नाव असायचं, आणि जो मिस्त्री तिचं बोनेट पहिल्यांदा उघडेल त्यानंच ते पाडायचं, असा रिवाज होता. नाव पडलं की मालकानं लाइनीला चहा आणि चिवडा द्यायचा, म्हणजे बारसं झालं. एका ट्रकचं नाव होतं रडकी, कारण तिचं ऑइल कायम टिपकायचं. डॉक्टरांच्या काळ्या गाडीचं नाव नर्स, दर घरासमोर थांबते म्हणून. एक ट्रॅक्टर होता, त्याला सगळे जावई म्हणायचे. सगळं पुढ्यात हवं आणि काम सांगितलं की रुसून बसणार. यातली बरीचशी नावं माझ्या अब्बांची. करीम मिस्त्रींनी पाडलेलं नाव पुसत नाही, असं लाइनीत म्हणत, आणि अब्बा वरवर मान हलवून आतून फुलून जात. त्यांच्या हातातल्या कसबापेक्षा त्यांना जिभेचा जास्त अभिमान होता, असं मला आज वाटतं. आणि मलाही होता. शाळेत, मग कॉलेजात, मी अब्बांची नावं मैत्रिणींना ऐकवून टाळ्या मिळवायची.

आमचं घर गॅरेजच्या पाठीला पाठ लावून होतं. पुढे अब्बांचा घण गाड्यांच्या कमानीच्या पाट्यांवर पडायचा आणि मागच्या खोलीत अम्मीची शिलाई मशीन चालायची. मधे नुसता टिनाचा पत्रा. दुपारी कापसाच्या जिनचा भोंगा झाला की दोन्हीकडची कामं थांबायची आणि अम्मी ज्वारीच्या भाकरी टाकायला बसायची. अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल, लसणाचा लाल ठेचा. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, उंबऱ्याबाहेर वऱ्हाडी. अम्मीकडे ब्लाउज शिवायला अर्ध्या गावातल्या बाया यायच्या, पण मशीनशेजारच्या पाटावर बसून भाकरी खाणारी एकच. नलूकाकू, जिनवाल्या भाऊसाहेबांची बायको. त्यांच्याकडे नोकराच्या हाती कापड पाठवायची रीत होती, पण त्या स्वतः यायच्या, बाजाराच्या दिवशी, सगळे बाजारात गुंतलेले असताना. आधी नुसता चहा घ्यायच्या. मग एकदा ठेच्याचा वास आला आणि म्हणाल्या, "भाभी, कोरभर द्या ना जी मले बी." तेव्हापासून अम्मी त्या दिवशी एक भाकरी जास्तच टाकायची.

नलूकाकूंची बोलायची एक तऱ्हा होती, ती माझ्या कानात अजून आहे. पलीकडे घण पडत असेल तेवढाच वेळ त्या मनातलं बोलायच्या. घण थांबला की वाक्य तिथेच सोडून द्यायच्या आणि बाहीच्या मापाबद्दल काहीतरी विचारायच्या. घण पुन्हा सुरू झाला की सोडलेलं वाक्य उचलायच्या. एवढ्या मोठ्या घरात त्यांना बोलायला जागा नव्हती. सासूचे कान होते, नोकरांचे होते, भाऊसाहेबांना ऐकायला वेळ नव्हता. मोकळं बोलायची गावात त्यांची एवढीच एक जागा, पत्र्याच्या भिंतीआडची, मशीनच्या तेलाचा वास येणारी. आम्ही ती त्यांच्यापासून काढून घेतली. तीच हकीकत मी इथे लिहायला बसले आहे, आणि बारशाच्या गमतीजमती सांगत वेळ काढते आहे, हे मलाही कळतंय.

त्या वर्षी भाऊसाहेबांनी गाडी आणली. मुंबईतल्या कोणा शेठची वापरलेली, पण आमच्या गावाला नवीच. बदामी रंग, लांबलचक अंग, आणि नाकावर उभी तीन काड्यांची चांदणी. त्या कंपनीचं नाव लोकांना धड घेता येत नव्हतं. गाडी पहिल्यांदा अब्बांकडे आली तेव्हा लाइनीतली सगळी कामं थांबली. अब्बांनी हात साबणानं धुतले, मगच बोनेट उघडलं. आणि घोटाळा झाला. गाडीत खोड काढायला काहीच नव्हतं. रडत नव्हती, खोकत नव्हती, रुसत नव्हती. नाव पडायचं ते गाडीच्या खोडीवरून, मग हिला काय म्हणायचं? चिवडा येऊन संपला तरी नाव नाही. रोज कोणीतरी विचारायचं, "काय मिस्त्री, पोरगी अजून बिननावाचीच हाय का?" अब्बा हसून टाळायचे, पण घरी आल्यावर जेवताना भाकरी नुसती चिवडत बसायचे. त्यांची इभ्रत त्या गाडीशी अडकली होती.

आणि त्याच सुमारास नलूकाकू आमच्याकडे येऊन रडल्या. घण जोरात चालू होता. मी काजं करत बसले होते. त्या म्हणाल्या, "भाभी, माह्या घरात सवत आली जी. हे सकाळी उठले का तिच्यापाशी. तिले रोज आंघोळ. मी आत बसाले गेली तं म्हणते, डोक्शाले तेल हाय, शीट खराब होईन. थेही जाऊ द्या. पण काल माही पेटी उघडली आन माह्या मायचं लुगडं काढलं. मऊ हाय म्हणे, चरे पडत नाहीत. अर्धं फाडून फडकं केलं त्याचं." त्यांची आई त्यांच्या लग्नानंतर वर्षभरात गेली होती. पांढऱ्यावर लाल काठाचं ते सुती लुगडं त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. अम्मीनं मशीन थांबवली नाही. पायडल नुसतंच मारत राहिली, आवाज राहावा म्हणून. तेवढ्यात पलीकडचा घण थांबला आणि नलूकाकू डोळे पुसून म्हणाल्या, "गळा मांगून थोडा खोल करजा."

संध्याकाळी जेवताना अम्मीला राहवलं नाही. तिनं चहाडी म्हणून सांगितलं नाही, तिला ते सहन होत नव्हतं म्हणून सांगितलं. "बेचारी के घर में सौत आ गई जी," असं म्हणून तिनं लुगड्याची गोष्ट सांगितली. अब्बांचा घास हातातच राहिला. आधी त्यांना वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगेन. "अरे रे," म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे नाव सुचल्यावर यायचं. "सवत," ते हळूच म्हणाले. मला हसू फुटलं. इतकं चपखल होतं ते. मी भाकरीच्या हातानं टाळी वाजवली. अम्मी चिडली. "किसी को बोलना नहीं, कहे देती हूँ!" अब्बा म्हणाले, "मैं क्या पागल हूँ? वो साड़ी की बात थोड़ी बोलूँगा."

अब्बांची चूक इथेच झाली, आणि ती त्यांच्यासारखा माणूसच करू शकतो. लुगड्याचं लपवलं म्हणजे गुपित राखलं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. दुसऱ्या दिवशी लाइनीत त्यांनी नाव जाहीर केलं: मालक बायकोकडे बघत नाही एवढं हिच्याकडे बघतो, म्हणून सवत. लाइन हसून लोटपोट झाली. भाऊसाहेबांनी ऐकलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं, तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "सवतच हाय थे, मिस्त्री! बराबर वयखलं तुमी." पुन्हा चिवडा आला. पुढे ते यवतमाळला, नागपूरला जिथे जिथे गेले, तिथल्या तशाच चांदणीवाल्या गाड्यांच्या मालकांना हौसेनं हे नाव ऐकवत राहिले. पुसदच्या एका सावकाराकडे तीच गाडी आली, तिलाही सवत. यवतमाळच्या सर्जनची सवत, वणीच्या कोळशेवाल्याची सवत. एका बाईच्या तोंडून घणाच्या आवाजाआड निघालेला शब्द वर्षभरात जिल्ह्यातल्या त्या कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं नाव होऊन बसला. अम्मी अब्बांशी काही दिवस बोलली नाही. पण नलूकाकू पुढच्या बाजाराला आल्या, भाकरी खाल्ली, काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांच्यापर्यंत गेलं नसावं. किंवा त्यांनी मनावर घेतलं नसावं. माणसाला स्वतःच्या सोयीचं काय काय वाटू शकतं.

मग दसरा आला. दसऱ्याला लाइनीत सगळ्या गाड्या धुऊन उभ्या राहत, हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. अब्बा मुसलमान, पण त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी त्यांच्या दारातच पुजली जायची, आणि ताट धरायचं काम माझं. त्या वर्षी भाऊसाहेबांनी नलूकाकूंना सोबत आणलं होतं. त्या पहिल्यांदा त्या गाडीत बसून आल्या. डोक्याला तेल नव्हतं, केस कोरडे होते. अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. त्यांचा ड्रायव्हर सुदाम फडक्यानं बोनेट पुसत होता. फडक्याचा काठ लाल होता. अम्मी दारात उभी होती, तिनं तो काठ पाहिला आणि पदर तोंडाशी नेला.

पूजा झाली तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पूजा अशी कशी झाली? सवतीची ओटी कोन भरन?" सगळे हसले. सुदामला तर उकळ्या फुटल्या. पोरगा वाईट नव्हता, मालकाची करमणूक करायला धडपडत असायचा. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "शकू, खण आन ना वं घरातून एखांदा. बाईसायबच भरतीन." मी पळत आत गेले. मशीनवर घडी घातलेला एक खण होता, जांभळा, जरीच्या बुट्ट्यांचा. तो उचलला, वर नारळ ठेवला, बाजूला गहू, ताट घेऊन आले. मी हसत होते. मला हे लिहायलाच हवं, की मी हसत होते.

नलूकाकूंनी ताटाकडे पाहिलं. तो खण त्यांचाच होता. मागच्या बाजाराला त्यांनीच शिवायला टाकला होता. भाऊसाहेब म्हणाले, "भर ना, भर! मोठ्या मनाची हाय म्हना आमची मंडळी." गर्दी थांबून बघत होती. नलूकाकूही हसल्या. त्यांनी चांदणीला हळदकुंकू लावलं, अगदी नीट. खण आणि नारळ बोनेटवर ठेवला, पाच मुठी गहू टाकले, आणि पदर सावरून हातही जोडले. टाळ्या पडल्या. माझ्या मागे अम्मी होती. तिच्याकडे बघून नलूकाकू म्हणाल्या, मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं, "भाभी, तुमची शिलाई तं कधी उसवत नाही. मंग तोंड काहून उसवलं?"

त्या पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. त्यांची कापडं दुसरीकडे जाऊ लागली. बाजाराच्या दिवशी अम्मी सवयीनं एक भाकरी जास्त टाकायची आणि मग ती शिळी व्हायची. अब्बांनी त्या दिवसानंतर एकाही गाडीला नाव दिलं नाही. पाडलेलं नाव मात्र त्यांना परत घ्यायचं होतं. त्यांनी खूप विचार करून नवीन नाव काढलं, तिफन. चांदणीच्या तीन काड्या म्हणजे पेरणीच्या तिफनीचे तीन फण. कोणालाही न दुखवणारं, पिकापाण्याचं नाव. महिनाभर ते लाइनीत येईल त्याला चहा पाजून समजावत होते, "ही तिफन हाय, तिफन म्हणा." पण चांदणीची एक काडी वर आणि दोन खाली, तिफनीचे तिन्ही फण खाली. ते दाखवायला अब्बांना मान वाकडी करावी लागायची, आणि लोकांना त्यांचं ते वाकडं डोकं बघूनच हसू यायचं. आता त्या गोष्टीची आठवण आली की मला त्यांची कीव येते. ज्या जिभेवर त्यांचा एवढा विश्वास, तीच त्यांचं ऐकेना. तिफन कोणी म्हटलं नाही. आणि मग मला एक वेगळीच गोष्ट दिसली. बाजाराच्या दिवशी दुपारी, नलूकाकूंच्या यायच्या वेळेला, अब्बा एक जुना गंजका पाटा ऐरणीवर घेऊन उगाच ठोकत बसायचे. त्यात दुरुस्त करायचं काही नव्हतं. पलीकडे अम्मी एकटी मशीनवर बसलेली असायची.

अम्मीनं आणखी एक केलं. सुदामला नवं फलालीनचं फडकं शिवून दिलं आणि ते लुगड्याचं फडकं मागून घेतलं. सोडा टाकून उकळलं, पुन्हा उकळलं, दगडावर आपटलं. काळं बरंच गेलं, लाल काठ वर आला. त्याची तिनं उशीची खोळ शिवली, काठ चारही बाजूंनी येईल अशी, आणि माझ्या हाती पाठवली. नलूकाकू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पुसले, खोळ घेतली, काठावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मग म्हणाल्या, "गाडीचा वास गेला नाही वं, शकू." मला पाणी प्यायला दिलं, कॉलेजचं विचारलं. खोळ परत दिली नाही. अम्मीला काय सांगू, असं मी विचारलं, तेव्हा त्या शेंगांकडे बघत म्हणाल्या, "काही नको सांगू. सांगनं झालं ना लय." पुढे भाऊसाहेब गेले, जिन बंद पडलं, नलूकाकू मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तिकडेच वारल्या. अम्मीला ते फार उशिरा कळलं. त्या दिवशी तिनं मशीन कापडानं झाकली आणि मागच्या खोलीत जाऊन निजून राहिली.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं. पण आता आमचं गॅरेज माझ्या भावाचा मुलगा इम्रान चालवतो, आणि त्याच्यामुळे मला कळलं की ते नाव मेलेलं नाही. त्या गाडीचे शौकीन आता जिल्हाभर आहेत. त्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, काचेवर 'सवत' असं स्टिकर असतं. नाव कुठून आलं यावर ते हिरिरीनं भांडतात. एक म्हणतो, खर्च सवतीसारखा म्हणून. दुसरा म्हणतो, रविवार तिच्यासोबत जातो म्हणून. इम्राननं छाती फुगवून सांगितलं की नाव आमच्या दादाजींनी पाडलं, आणि गेल्या दसऱ्याला त्यांनी मला यवतमाळला बोलावलं. शाल, श्रीफळ, पाहुणी म्हणून. मी नको म्हणत होते. इम्रान म्हणाला, "फुप्पी, दादाजी का नाम होगा." मी गेले. एकच विचार मनात होता, माईक हाती आला तर तिफनीचं सांगेन.

मैदानावर गाड्या ओळीनं उभ्या होत्या, धुतलेल्या, हार घातलेल्या. आणि मग माईकवाल्या मुलानं सांगितलं, "आता आपल्या परंपरेप्रमाणे सवतीची ओटी!" ती दुपारही उरली होती, नावासोबत. यंदा मान पुसदच्या एका सोयाबीन व्यापाऱ्याच्या गाडीचा. त्याची बायको, पायल नावाची, पंचविशीतली पोरगी, पुढे आली. सगळे हसत होते, तीही हसत होती. ती खरंच हसत होती की काय, मला सांगता येणार नाही. नलूकाकूही हसल्याच होत्या. आयोजकांनी ताट माझ्या हाती दिलं. "मावशी, सुरुवात तुमच्या हातानं. पहिले तुमी, मंग वहिनी."

ताटात नारळ, गहू, मोरपंखी खण. मी गाडीकडे गेले. चांदणीवर कुंकू होतं. मग मी वळले आणि त्या पोरीला म्हटलं, "ओढणी पुढं धर वं माय." तिला कळेना. मी पुन्हा म्हटलं. तिनं ओढणी पसरली, आणि मी तिच्या ओटीत खण घातला, नारळ घातला, गव्हाच्या मुठी टाकल्या. आमच्यात हे करत नाहीत, पण मी ते अगदी जवळून पाहिलेलं होतं. माईकवर आवाज आला, "मावशी, गाडीची! गाडीची भरा!" सगळं मैदान हसलं. इम्रान धावत आला, मला कोपराला धरून गाडीकडे वळवू लागला. म्हातारी गोंधळली, असंच त्यांना वाटलं. नंतर मोबाइलवरही तसंच फिरलं म्हणे. पायलचा नवरा ओटीतला नारळ घ्यायला पुढे झाला, तेव्हा ती पोरगी एक पाऊल मागे सरकली. तिचं हसू थांबलं होतं. ओढणी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून ती म्हणाली, "राहू द्या जी. माह्यापाशीच राहू द्या."

मी रिकामं ताट घेऊन उभी राहिले. एवढंच करायचं होतं त्या दिवशीही. ताट तेव्हाही माझ्याच हातात होतं.